लाल बादली

"काकू, घरात बायका किती?" रश्मीनं दारातूनच विचारलं.

कुसुमकाकू उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला. "दोन. मी अन् सून. का वं, शिरगणती आली का?"

"तशा नाही काकू. चालू असलेल्या किती?"

"चालू म्हणजे?"

रश्मीनं इकडंतिकडं पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी उभी होती आणि तिच्या भोंग्यातून स्वच्छतेचं गाणं एवढ्या जोरात चाललं होतं, की हळू बोलून काही उपयोग नव्हता. म्हणून तिनं आवाज चढवला, आणि नेमकं त्याच वेळी ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. "महिन्याच्या, काकू. ज्यांले महिना येते, त्या." लोधीपुऱ्याच्या त्या टोकापर्यंत हे ऐकू गेलं असावं. समोरच्या ओट्यावर मालूबाई दात घासत होत्या. त्यांचा हात थांबला.

आत पुढच्या खोलीत मृणाल मशीनवर साडीला फॉल लावत होती. तिनं पाय थांबवला नाही. जांभळ्या काठाखाली जांभळा फॉल सरकत राहिला.

रश्मी काही वाईट पोरगी नव्हती. बारावी झालेली, अंगात नारिंगी जाकीट, हातात लोखंडी चिमटा. गाडीबरोबर फिरून कोणाचा कचरा कसा वेगळा केलाय ते पाहायचं, हे तिचं काम. ओला हिरव्या बादलीत, सुका निळ्या बादलीत, आणि बायकांचं ते लाल बादलीत, कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून. ज्यांच्या घराला परस आहे त्यांनी ओला कचरा गाडीत द्यायचाच नाही, माठात टाकून घरीच खत करायचं. न करणाऱ्याला दंड. परवा गल्लीची नाली तुंबली तेव्हा माणसांनी बांबू घालून जे काढलं, ते लाल बादलीत यायला पाहिजे होतं. कचऱ्याच्या ठेकेदारानं डोकं चालवलं. ज्या घराची लाल बादली येत नाही त्या घरात तशा बायका किती, हे विचारा, म्हणजे चोर आपोआप सापडेल. विचारायला रश्मी होतीच.

"एक," कुसुमकाकू म्हणाल्या. मग त्यांना वाटलं, एवढ्यानं घराची बाजू पुरती मांडली गेली नाही. "अन् माझी सून दर महिन्याले बाहेर बसते. आमच्याकडे सगळं नियमानं चालते. विचार मालूबाईले."

"मग लाल बादली रिकामी कशी राहते, काकू?"

कुसुमकाकूंनी तांदळातला हात काढला आणि आत पाहिलं. मशीन थांबलं होतं. मृणाल दारात आली आणि सरळ आवाजात म्हणाली, की तीच निळ्या बादलीत टाकत होती, चूक झाली, पुढच्या महिन्यापासून लालमध्ये टाकेल. रश्मीनं मान हलवली, चिमटा खांद्याला लावला आणि ती पुढच्या घरी बायका विचारायला गेली. मालूबाईंनी चूळ भरली. कुसुमकाकू परत तांदळाकडे वळल्या, आणि मृणाल परत मशीनवर जाऊन बसली.

खोटं बोलायची तिला सवय झाली होती असं नाही. त्याचं काही वाटायचं बंद झालं होतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल होतो ना, आपलाच असून दुसऱ्याचा, तसं तिचं आतून झालं होतं. निळ्या बादलीत तिनं काही टाकलं नव्हतं. टाकायला काही नव्हतंच.

मृणाल रावेरची. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आली तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात घरचा नियम सांगितला होता. अडचण आली की तीन दिवस पुढच्या खोलीत. चटई वेगळी, तांब्या वेगळा, ताट वेगळं. देवघर आणि चूल यांच्याकडे फिरकायचं नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन आत. आता एवढं कुणी पाळतं का, असं माहेरच्या बहिणी म्हणायच्या. पण कुसुमकाकूंचा नियम कडक होता तसा सोयीचाही होता. मशीन लोखंडाचं आहे, त्याला विटाळ नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कापडाला विटाळ असतो, पण गिऱ्हाइकाच्या कापडाला नसतो, हेही त्यांनीच ठरवलं होतं. त्यामुळे फॉल-पिकोचं काम त्या तीन दिवसांत दुप्पट व्हायचं आणि मृणालला आयतं ताट मिळायचं. सासू ताट उंबऱ्यापाशी ठेवायची, हातभर लांबून सरकवायची, आणि वर म्हणायची, "भाकर गरम आहे तवा खाऊन घे." मृणालला ते दिवस कधी वाईट वाटले नाहीत. एवढंच, की ते दर महिन्याला न चुकता येत होते आणि ते यावेत असं त्या घरात कुणालाच वाटत नव्हतं.

लग्नाला बरीच वर्षं झाली तशी कुसुमकाकूंनी नवस बोलला. असीरगढच्या महादेवापुढे शिवरात्रीला उभ्या राहून त्या म्हणाल्या, घरात पाळणा हलेपर्यंत मी केळं खाणार नाही. ऐकणाऱ्याला हे हसू येण्यासारखं वाटेल. पण कुसुमकाकूंचं माहेर खकनारकडचं, घरचा केळीचा बाग. लहानपणी त्या फणीतली निम्मी केळी उभ्याउभ्या संपवायच्या, असं त्यांचा भाऊ अजून सांगतो. नवरा गेला तेव्हा चार दिवस पोटात अन्न नव्हतं, तेव्हाही त्यांनी पहिलं तोंडात घातलं ते केळंच होतं. बुऱ्हाणपुरात राहून केळं सोडणं म्हणजे घरातून बाहेर पडताच डोळे मिटून चालणं. हातगाडीवर केळी, ट्रकवर केळी, प्रसादाला केळी. त्या प्रसाद घ्यायच्या आणि शेजारच्या पोराच्या हातावर ठेवायच्या. मग घरातही केळं येईनासं झालं. मृणालच्या नवऱ्याला, पंकजला, खायचं असलं तर तो विहिरीच्या मोटारींचं वाइंडिंग करायच्या आपल्या दुकानासमोर उभं राहून खायचा. माहेरून भाच्यानं, ललितनं, घड आणला की कुसुमकाकू तो दारातल्या दारात गल्लीत वाटून टाकायच्या. एकही केळं चुलीपर्यंत जायचं नाही.

आणि मग एका आषाढात मृणाल बाहेर बसलीच नाही. पुढच्या महिन्यातही नाही. कुसुमकाकू एका शब्दानं बोलल्या नाहीत; बोललं तर दृष्ट लागते. फक्त मृणालच्या चहात दूध वाढलं, पाण्याची कळशी तिच्या हातातून काढून घेतली जाऊ लागली, आणि एका दुपारी त्या परसात बसून राखेनं काहीतरी घासताना दिसल्या. पंकजच्या लहानपणचे चांदीचे वाळे होते ते. मृणालनं ते खिडकीतून पाहिलं. तिच्या मनात आलं, की बाईनं एवढं घासू नये, झिजतील.

पंकज तिला तपासायला जळगावला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि शांतपणे समजावून सांगितलं. अंडाशयाचं काम थांबलंय. काहींचं लवकर थांबतं, त्यात तुमचा दोष नाही. पाळी आता येणार नाही. मृणालनं विचारलं, म्हणजे कधीच? बाई हो म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये पंकजनं फुटाण्याची पुडी घेतली आणि ती दोघांच्या मध्ये ठेवली. रावेर मागे पडलं तेव्हा तो म्हणाला, "आईले आत्ताच नको सांगू. डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. मग मीच सांगतो." मृणाल बरं म्हणाली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. तिनं फुटाणे खाल्ले.

घरी पोचले तेव्हा कुसुमकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं पाहिलं. "आई, मी बाहेरची झाले," ती म्हणाली, आणि चटई ओढून मशीनपाशी बसली. खरं सांगण्यापेक्षा हे बरं वाटलं. हे खोटं म्हणजे एका महिन्याचं दुःख होतं. पुढच्या महिन्याची आशा त्यात शाबूत राहत होती. कुसुमकाकू आत गेल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी चहा आणला, हातभर लांबून सरकवला आणि म्हणाल्या, "होते असं कधी कधी. महादेव आहे."

डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग दिवाळी आली, दिवाळीत कोण सांगणार? मग संक्रांत, मग पंकजच्या दुकानाचं छत गळायला लागलं. पंकज मनाचा वाईट नव्हता, पण कठीण गोष्ट पुढच्या सणावर ढकलण्यात त्याचा हात धरणारा बुऱ्हाणपुरात नव्हता. मृणाल भिंतीवरचं कॅलेंडर पाहून दर महिन्याला बाहेर बसत राहिली. तिला भीती कशाची होती हे तिनं पंकजलाही सांगितलं नव्हतं. माहेरी तिच्या चुलतबहिणीला याच कारणानं परत पाठवलं होतं. ती आता भावाच्या घरी भांडी घासते आणि कुणी आलं की मागच्या खोलीत जाते. पण त्याहूनही मृणालला वाटायचं, की ही बाई सकाळी उठून देवापुढे हात जोडते तेव्हा जे मागते, ते संपलंय हे आपण तिला सांगायचं. कोणत्या तोंडानं सांगायचं?

असं सगळं चाललं होतं, आणि कोणाला पुरावा लागत नव्हता. लाल बादली आली आणि पुरावा लागायला लागला.

बादल्या आल्यापासून गल्लीचं तंत्रच बदललं होतं. पूर्वी एकमेकींच्या घरात डोकावायला साखर नाहीतर विरजण मागायचं निमित्त काढावं लागायचं. आता दारात बादली ठेवली की झालं. श्रावणात कोणाच्या हिरव्या बादलीत अंड्याची टरफलं होती, कोणाच्या निळ्या बादलीत साखरेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, हे गाडी चौकात पोचण्याआधी सगळ्यांना ठाऊक व्हायचं. मालूबाईंच्या निळ्या बादलीत वर्तमानपत्राखाली बाटल्या असायच्या. त्यांच्या घरी पिणारं कोण, हे कुणी विचारत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

रश्मी विचारून गेली त्याच्या पुढच्या महिन्यात मृणालनं मेडिकलमधून पाकीट आणलं. नवा कोरा पॅड घेतला, कागदात गुंडाळला, वर लाल पेनानं ठिपका काढला आणि लाल बादलीत टाकला. दुसऱ्या दिवशी दुसरा. पहिल्या वेळी ती जरा थांबली होती. त्याला पायाचा लाल आळता लावावा का, असं मनात आलं. कपाटात बाटली होती, तिनं ती हातात घेतलीही. पण तेवढं तिच्याच्यानं झालं नाही. ते केलं असतं तर आपण काय करतोय हे आपल्यालाच दिसलं असतं.

महिने असेच गेले. ज्या दिवसांत ती बाहेर बसायची त्या दिवसांत परसातला खताचा माठ तिच्याकडे असायचा. कुसुमकाकूंना सुरुवातीला त्या माठाचीच ओकारी यायची, पण रश्मीनं एकदा झाकण उघडून "काकू, तुमचं खत एकदम बढिया" म्हटल्यापासून त्या माठाला अभिमानानं जपत होत्या. हिरवी बादली त्या स्वतः चुलीपासून परसाच्या दारापर्यंत आणून ठेवत, आणि पुढचं मृणालनं करायचं. बादली माठात उपडी करायची, वर सुकी पानं, ओंजळभर माती, मग झाकण.

मग कोणीतरी शहाण्यानं लाल ठिपक्याच्या पुडीत फुटका आरसा बांधून टाकला. गाडीवरच्या माणसाचा तळहात चिरला, टाके पडले. गाडीवाल्यांनी सांगून टाकलं, पुड्या उघडून पाहिल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही, आणि बायकांच्या पुड्या आम्ही उघडणारही नाही. ठेकेदार म्हणाला, मग रश्मी उघडेल, घराच्या दारातच.

त्या दिवशी मृणालचा कॅलेंडरवरचा तिसरा दिवस होता. कुसुमकाकू तुळशीला पाणी घालत होत्या. रश्मी आली, तिचं तोंड उतरलेलं होतं. सकाळपासून तिनं काय काय उघडलं असेल कोण जाणे. ती आधीच म्हणाली, "भाभी, माफ करा, मले बी काही शौक नाही." आणि लाल बादलीतली पुडी चिमट्यानं काढून ओट्याच्या कडेला ठेवून उलगडली.

कागदात पांढराशुभ्र पॅड होता. मागची चिकटपट्टीही काढलेली नव्हती.

रश्मीनं दुसरी पुडी उघडली. तीही तशीच. "भाभी, हे तर नवंच आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात आरोप नव्हता, नुसतं नवल होतं. मग तिचं तिलाच काहीतरी उमगलं असावं. ती चिमटा धरून तशीच उभी राहिली.

मालूबाई ओट्यावरून खाली उतरल्या. मृणाल दारात होती. हात दोन्ही बाजूंना सोडलेले. ड्रायव्हर गाडीच्या आरशात भांग पाडत होता, तिकडे ती पाहत राहिली. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि ते असं सकाळच्या उन्हात, ओट्याच्या कडेवर, सगळ्यांच्या देखत पडलं होतं.

कुसुमकाकूंनी तांब्या तुळशीपाशी ठेवला. त्या ओट्यापर्यंत आल्या, वाकल्या, नव्या डोळ्यानं त्यांनी नीट पाहिलं. मग सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. ते पाहणं फार वेळ चाललं नाही.

"मीच टाकले ते," त्या रश्मीला म्हणाल्या. "कपाटात पाणी गेलं, पाकीट भिजलं. ओलं कशाले वापरायचं, म्हणून गुंडाळून टाकून दिले. तिचे वेगळे आहेत, ते उद्या येतील."

"पण कुसुमबाई," मालूबाई म्हणाल्या, "कागद तर कोरडा ठाक दिसते."

कुसुमकाकू त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढला नाही. "मालूबाई, तुमच्या बादलीत पेपरखाली काय असते, मी कधी उचकून पाहिलं का?"

मालूबाई ओट्यावर परत गेल्या. रश्मीनं पुड्या गुंडाळल्या, हातानंच, चिमट्यानं नाही. गाडीचं गाणं सुरू झालं.

कुसुमकाकू सरळ चुलीपाशी गेल्या. मृणाल त्यांच्या मागं गेली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली. पाय आपोआप थांबले. तिसरा दिवस होता.

"आत ये."

"आई, माझा तिसरा दिवस—" ती म्हणाली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं की आपण काय बोलतोय.

"आत ये म्हणते ना."

मृणाल आत गेली. कुसुमकाकूंनी तव्यावर पोळी टाकली. तिच्याकडे पाठ करूनच त्यांनी विचारलं, कधीपासून. डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधीपासून, मृणालनं सांगितलं. डॉक्टर काय बोलली, ते विचारलं. तिनं तेही सांगितलं, जसं जळगावला ऐकलं होतं तसंच, एकही शब्द मऊ न करता. पोळीला काळे डाग पडले, मग धूर निघाला. ती कुणीच उलटली नाही.

"पंकजले माहीत आहे?"

"हो."

"म्हणजे मले एकटीलेच माहीत नव्हतं," कुसुमकाकू म्हणाल्या. त्यांनी जळालेली पोळी चिमट्यानं उचलून हिरव्या बादलीत टाकली आणि दुसरी लाटायला घेतली. "जा. मशीनवर बस. त्या जांभळ्या साडीवाली संध्याकाळी येणार आहे."

आईला समजल्याचं संध्याकाळी पंकजला कळलं. तो आईजवळ जाऊन बसला. कुसुमकाकूंनी त्याला विचारलं की मामाच्या विहिरीवरची मोटार आवाज का करते. त्यानं सांगितलं, बेअरिंग गेलं असेल, येत्या महिन्यात जाऊन पाहतो. एवढंच बोलणं झालं. नंतरचे दिवस घरात कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. सकाळी कुसुमकाकू देवापुढे बसायच्या, पण हात जोडून उठायला आता त्यांना पूर्वीइतका वेळ लागत नव्हता. मृणाल वाट पाहत होती. रावेरला फोन कधी जाईल, भावाला बोलावणं कधी जाईल, याची. एकदा तिनं मनात आपल्या साड्याही मोजून पाहिल्या, कोणत्या न्यायच्या आणि कोणत्या इथंच ठेवायच्या. मशीन नेता येईल का, हा विचार आला तेव्हा तेवढं एक मात्र टोचलं.

गल्लीतल्या बायकांनी आरडाओरडा केला, आणि पुड्या उघडणं बंद झालं. आता रश्मी पुडी हातात तोलून पाहायची आणि टाकायची. काच असली तर वजन लागतं.

कॅलेंडरवरची तारीख आली. मृणालनं तिच्याभोवती खूण केली नव्हती. ती रोजच्यासारखी उठली, अंघोळ केली आणि चहा ठेवायला आत निघाली. पुढच्या खोलीत मशीनपाशी चटई अंथरलेली होती. तांब्या भरून ठेवला होता. लाल बादली दाराशी आणून ठेवली होती.

"बस," कुसुमकाकू आतून म्हणाल्या.

"आई, आता कशाले?"

कुसुमकाकू उंबऱ्यापर्यंत आल्या. समोरच्या ओट्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दर महिन्याले बसणारी बाई एकदम बसेनाशी झाली, की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक खरी नाही, अन् दुसरी मले ऐकायची नाही. अजून काही वर्षं बस. बाकीच्या बायांची थांबते त्या वयाले तुझी थांबली असं सांगू. तोवर कुणाच्या बापाले काय करायचं आहे?" मग म्हणाल्या, "तेवढीच तुले चुलीपासून सुट्टी."

म्हणजे ती काही वर्षं इथंच असणार होती. मृणालला हे समजायला एक क्षण लागला. ती चटईवर बसली. कुसुमकाकूंनी चहा आणला. हातभर लांबून सरकवायचा तसा सरकवला नाही. खाली बसून हातात दिला, आणि मग दाराकडे पाहून चटकन उठल्या.

पंकज सकाळीच मामाच्या मोटारीसाठी खकनारकडे गेला होता. मुक्काम करून येणार होता. दुपारी तिकडूनच ललित आला, मोटारसायकलला केळीचा घड बांधून. आत्यानं त्याला चहा दिला, भावजयीची गुडघेदुखी विचारली, आणि तो गेल्यावर घड दारात ठेवून, नेहमीप्रमाणे कोयत्यानं फण्या सुट्या केल्या. एक या घरी, एक त्या घरी. मालूबाईंच्या घरी मोठी फणी गेली. मालूबाई घ्यायला स्वतः आल्या. मृणालला चटईवर बसलेली पाहून त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, की यंदा केळी फार गोड आहेत म्हणतात. कुसुमकाकू म्हणाल्या, "असतील."

रात्री मृणाल पुढच्या खोलीत लवकर झोपली.

सकाळी हिरवी बादली परसाच्या दारात होती. मृणालनं ती उचलली, माठाचं झाकण काढलं आणि बादली उपडी केली. चहाचा चोथा पडला, मेथीच्या काड्या, दुधीची सालं. आणि त्यांच्यावर, सगळ्यात शेवटी, केळ्याचं एक साल पडलं.

एकच होतं. ओढून फाडलेलं नव्हतं. तिन्ही पट्ट्या नीट सोललेल्या, आणि मग परत मिटून ठेवलेल्या. आतून ते अजून पांढरं होतं. पंकज घरी नव्हता. ललित दारातूनच गेला होता. फण्या सगळ्या वाटून झालेल्या तिनं स्वतः पाहिल्या होत्या. त्यातलं एक केळं मागं राहिलं असेल, राखलं गेलं असेल. रात्री स्वयंपाकघरातला दिवा बंद झाल्यावर त्या म्हाताऱ्या बाईनं ते एकटीनं बसून खाल्लं होतं. महादेवाला दिलेला शब्द तिनं परत घेतला होता, आणि त्याबद्दल ती घरात कुणाला काही सांगणार नव्हती.

मृणाल माठाशी उभी राहिली. दाताच्या सुईचा अंमल उतरावा तसं तिला दुखायला लागलं. बऱ्याच दिवसांत तिला कुठं दुखलं नव्हतं. आत देवघरात घंटा वाजली, लहानशी, रोजच्याहून कमी वेळ. गल्लीच्या तोंडाशी गाडीचं गाणं सुरू झालं.

तिनं सुकी पानं घेतली आणि सालावर पसरली. मग माती. एका ओंजळीनं ते पुरतं झाकलं गेलं नाही, कडेनं पिवळं दिसत होतं, म्हणून तिनं आणखी एक ओंजळ टाकली आणि हातानं दाबली.

रश्मी बोळातून परसात आली. लाल बादलीतली पुडी तिनं आधीच घेतली होती, तोलून न पाहता. माठ पाहणं आठवड्याचं होतं, ते चुकवता येत नव्हतं. ती वाकून आत पाहू लागली. वर नुसती माती होती.

"काय काय टाकलं, भाभी?"

"रोजचंच," मृणाल म्हणाली, आणि झाकण लावलं.